उशाकडची फळी

काकाने उभ्या जन्मात काकूला कधी हाक मारली नाही. तो ठोकायचा. बोटातली जाड अंगठी टेबलावर आपटायची आणि काकूने काय ते समजून घ्यायचं. एकदा वाजली की पाणी, दोनदा वाजली की वाढ. तो गोदामात मुकादम होता. हमालांना असंच बोलवायचा, आणि घरी येऊन कपडे बदलायचा, सवय नाही. काकू ताटावर बसली की हमखास ठोकायचा. तिची आई गेल्याचा फोन आला तेव्हा ती भिंतीला टेकून भावाचं ऐकत होती. आत टेबल वाजलं. तिने फोन ठेवला आणि चहा टाकला. मी तिथेच होते. काका चहा प्यायला आणि साखर कमी आहे म्हणाला.

त्यामुळे झटका येऊन त्याचं उजवं अंग गेलं, वाचा बसली, तेव्हा मला फार दुःख झालं असं मी म्हणणार नाही. दुःख झालं ते काकूसाठी. कारण अंगठी डाव्या हातात होती आणि डावा हात शाबूत होता. तो डोक्याकडे तेवढा जायचा, आणि डोक्याशी होती पलंगाची लाकडी फळी. पूर्वी काका कामावर गेला की घर शांत असायचं. आता दिवसभर ठकठक. पण बोलायला त्याच्याकडे तेवढंच उरलं होतं, हेही खरं.

एकदा काकू म्हणाली, यांचं डोकं फळीवर आपटतं, तिला गादी लावून घेऊ या. मी पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करते, त्यामुळे असलं काम म्हटलं की मला हुरूप येतो. फोमवाला म्हणाला, दोन बोटं जाडीचा पुष्कळ झाला. काकूने दुप्पट जाडीचा घेतला, वर कापूस वेगळा.

काकाला वेताच्या खुर्चीत बसवून आम्ही फळी सोडवली आणि जमिनीवर आडवी घातली. फोम चिकटवला, कापूस पसरला, वर करडं जाड कापड घेतलं. कापड मधून ताणत कडेला न्यायचं, नाहीतर सुरकुत्या पडतात. मी ओढत होते, काकू मागून पिना मारत होती. कडाही फोमने झाकायच्या असं तिने बजावलं. त्या कुणाला दिसणारही नव्हत्या. काका खुर्चीतून आमचे हात बघत होता. मला वाटलं, कौतुकाने बघतोय.

शोभेसाठी मी मधोमध बटणांची ओळ काढली. काकूला ती नको होती, पण मी हट्टाला पेटले. काकाच्या जुन्या कोटाची पितळी बटणं घेतली, त्यांवर तेच कापड चढवलं आणि फळीला भोकं पाडून दोऱ्याने आत खेचून बांधली.

फळी जागेवर बसली तेव्हा काकूने मूठ वळून तिच्यावर ठोकून पाहिलं. वर, खाली, पार कोपऱ्यात. काही वाजलं नाही. ती हसली. मग औषधांचं टेबल लांब सरकवलं, पलंग भिंतीपासून ओढला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी खाली सांडलेल्या पिना वेचायला लागले.

काकाला निजवलं. त्याने हात वर नेला. अंगठी कापडावर पडली, पुन्हा पडली. तो फळीकडे बघायला मान वळवत होता, ती वळत नव्हती.

संध्याकाळी आत्या भावाला बघायला आली. फळीवरून हात फिरवत म्हणाली, अशी सेवा करणारी बायको मिळायला नशीब लागतं. काकाने तिचं मनगट घट्ट धरलं आणि फळीवर नेऊन आपटलं. आत्याचे डोळे भरून आले.

"हो रे, कळलं," ती म्हणाली. "तुला फार आवडलीये."

ती गेली आणि आम्ही ताटं घेतली. तेवढ्यात आतून आवाज आला. टिक. अगदी बारीक. पुन्हा टिक, टिक. काकाला बटण सापडलं होतं. मला आनंद झाला, का ते मला आजही सांगता येत नाही.

काकू उठली, शिवणाच्या डब्यातली कात्री घेऊन आत गेली. मीही मागे गेले.

"बटणं टोचतात हो तुम्हाला," ती काकाला म्हणाली आणि एकेक दोरा कापू लागली. दोरा तुटला की दबलेला फोम फुगून वर यायचा. काका तिच्याकडे बघत होता, मग माझ्याकडे बघायला लागला. बटणं तिने माझ्या ओंजळीत टाकली.

"काकू, त्यांना तहान लागली तर?"

"देईन की. माझं आवरलं की देईन."

तिने काकाचा हात छातीवर नीट ठेवला, पांघरूण ओढलं.

"काही लागलं तर सांगा हं," ती म्हणाली.

मग ती परत ताटावर बसली. सावकाश, पोटभर जेवली. मध्ये एकदाही उठली नाही.