पूजेचे धडे पाडताना

सासऱ्यांचे गुडघे गेले आणि सोलापुरात घरोघरी पूजा सांगत फिरलेल्या माणसाला मांडी घालणंच जमेना. हळूहळू यजमानांचे फोन थांबले. ते खुर्चीत नुसते बसून राहायचे, आणि त्यांचं ते गप्प बसणं मला बघवेना. मी शाळेत शिकवते. एका रविवारी मी त्यांना म्हणाले, "बाबा, घरच्या घरी पूजा कशी करायची, त्याचा ऑनलाइन कोर्स काढू या. तुम्ही खुर्चीतूनच शिकवा, मोबाइल मी धरते."

"मला आता कोण विचारतंय?" एवढंच ते बोलले.

पण मी भलतीच पेटले होते. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांवर आठ धडे लिहून जेवणाच्या टेबलावर ओळीनं मांडले. पहिल्यात साहित्य, मग संकल्प, आवाहन, स्नान, गंध-फूल, नैवेद्य, आरती, शेवटी विसर्जन. दर रविवारी एक. स्क्रीनवर वर व्हिडिओ, खाली ठळक अक्षरात मंत्र. माझं काम मलाच इतकं आवडलं की मी टेबलाभोवती फेऱ्या मारत होते.

सासऱ्यांनी तिसऱ्या कागदावर बोट ठेवलं. "इथं देवाला बोलावलं, पाटावर बसवलं. पुढं?"

"पुढच्या रविवारी स्नान."

"आणि नैवेद्य?"

"तो... सहाव्या धड्यात."

"म्हणजे बोलावून आणायचं आणि तीन आठवडे उपाशी बसवायचं? अगं, माहेरच्या माणसांना तरी असं ठेवशील का?"

मला हसू आवरेना. शाळेत घंटा झाली की धडा अर्धा सोडून उठायची सवय. तीच मी देवालाही लावली होती.

"मग पाचच उपचारांनी सुरुवात कर की," ते म्हणाले. "गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य. पूजा लहान, पण पुरती."

मी जवळजवळ ओरडलेच. पहिल्या धड्यात पाच उपचार, पुढच्या प्रत्येक धड्यात त्यातच थोडी भर, शेवटच्यात पुरे सोळा! शिकणाऱ्याची पूजा दर रविवारी तडीस जाणार आणि देव जेवून जाणार. सासऱ्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. कागद उलटसुलट झाले, शंख कितव्या धड्यात यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं, भात गार झाला. किती दिवसांनी ते असे तावातावानं बोलत होते!

पहिला धडा चित्रित करून शाळेतल्या एका मैत्रिणीला पाठवला. ती सोलापूरकडच्याच मैंदर्गी गावची. पुढचे दोन दिवस सासरे काही विचारत नव्हते, पण माझा मोबाइल वाजला की पेपर खाली यायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "गुरुजी हायत का ओ? पूजा केली, पण मधी लई गडबड झाली माझी. त्यांनाच विचारायचं हाय."

"बाबा, तुम्हाला विचारतायत."

त्यांनी हात पुढे केला, तसाच मागे घेतला. "एक मिनिट थांब म्हणावं. माझं उपरणं दे आधी."

उपरणं खांद्यावर नीट घेतलं, आणि मग फोन कानाला लावला.