न ऐकता घेतलेला आवाज

माझ्या थोरल्या भावाने आयुष्यभर मालगाड्या चालवल्या आणि निवृत्त झाल्यावर लाल रंगाची, दोन सीटांची स्पोर्ट्स कार घेतली. सेकंडहँड. आधीचा मालक एका राइस मिलवाल्याचा मुलगा होता. त्याला ती जुनी वाटू लागली होती. आमच्या नातेवाइकांत या खरेदीची चर्चा एखाद्या आजाराची होते तशी, खालच्या आवाजात झाली. वहिनी जाऊन फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे निदान सोपं गेलं: एकटेपणा. मला तसं वाटलं नाही. त्याला गाडी हवी होती, इतकंच. पण हवी होती म्हणून घेतली, हे कारण आपल्याकडे कोणाला पुरत नाही.

बंगळुरूला असलेल्या त्याच्या मुलाला, म्हणजे माझ्या भाच्याला, तर मुळीच पुरलं नाही. त्याच्याकडे सोसायटीच्या सेक्रेटरींचे मेसेज जात. सेक्रेटरींनी भावाशी थेट बोलणं कधीच सोडलं होतं. ‘आपके आदरणीय पिताजी’ अशी सुरुवात आणि ‘उनकी आयु को देखते हुए’ असा शेवट, मधे तक्रार. उन्हाळ्यात गाडीचा आरसा गेटच्या खांबाला घासला, त्याचा फोटोही गेला. भाच्याने मला फोन केला. त्याला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र तो हिंदीत देतो. रायपुरात वाढलेली आमची बहुतेक मुलं तशीच.

“आत्या, दशहरे पे आ रहा हूँ. फ्लैट के लिए किराएदार देख लिया है. एक भी कंप्लेंट और आई ना, तो पापा को साथ लेकर ही लौटूँगा. गाड़ी यहीं बेच देंगे.”

“त्याले विचारलं का?”

“आप बता दो ना.”

अशी कामं बहिणीकडे येतात. मी जाऊन सांगितलं. भावाने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बरं. उद्या पंडरीले येतं का माझ्यासंगं? सायलेन्सर बदलवायचा आहे.”

“आत्ता? काहून?”

“आवाजच नाही तिले. एवढी गाडी, अन् आवाज मिक्सरचा.”

“अन् तक्रार आली म्हणजे?”

“नाही येत. बटनवाला आहे.”

पंडरीच्या कापड बाजारामागे ते वर्कशॉप होतं. मालकाने टेबलावर तीन सायलेन्सर मांडले होते, गोल बाजारात भांडी मांडतात तसे, पुसून, तोंडं आमच्याकडे करून. आवाज ऐकवायला त्याच्याकडे फोन होता.

“ये सीधा पाइप है, अंकल. गाड़ी मोड़ पर होगी और इधर पूरा मोहल्ला खड़ा हो जाएगा.” हा त्याच्या मते गुण होता.

भावाने डोळे मिटून ऐकलं. “हा भुंकून राहिला,” तो म्हणाला. दुसरा ऐकून म्हणाला, “हा डब्यात तोंड घालून बोलून राहिला.” तिसरा मात्र त्याने पुन्हा लावायला सांगितला. मग फोन कानाला लावून ऐकला, जसं कोणी गावाकडची बातमी ऐकतं. “याले दम आहे. खालून येते.”

तिसऱ्याच्या आत एक झडप, म्हणजे वाल्व, होती आणि ती उघडायला-मिटायला गाडीत बटण. “दबाया तो शेर, छोड़ा तो साधू,” मालक म्हणाला. साधू कमी आवाजाचे असतात असं समजणारा माणूस राजिमच्या मेळ्याला कधी गेला नसावा. पण मी वेगळंच विचारलं.

“फोनवर ऐकून आवाज घेतात का रे दादा?”

“आपली लग्नं फोटो पाहूनच झाली न,” भाऊ म्हणाला. यावर मालक मोकळेपणी हसला आणि सौदा पक्का झाल्याचं मला कळलं.

ते दिवस पितृपक्षाचे होते. या पंधरवड्यात नवी गाडी कोणी घेत नाही, जुनीला नवा सायलेन्सरही कोणी बसवत नाही. वर्कशॉप ओस पडलं होतं. उद्याच बसवून देतो, मालक म्हणाला. मग भावाने जे केलं ते आमच्याच घरात होऊ शकतं. त्याने ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या गुरुजींना तिथूनच फोन लावला. नव्या वस्तूचा वापर पितृपक्षात नको, असं गुरुजी म्हणाले. भावाने त्यातून रेल्वेच्या नियमपुस्तकात शोभेल अशी वाट काढली. बसवणं म्हणजे वापर नव्हे. तेव्हा बसवायचा, पण इंजिन सुरू करायचं ते थेट दसऱ्याला, पूजा झाल्यावर.

मालक त्याच्याकडे बघतच राहिला. “बिना स्टार्ट किए ले जाओगे? सुनोगे भी नहीं?”

“फोनवर ऐकला न.”

“अंकल, एक बार चलाके समझना पड़ता है.”

“मुहूर्तावर समजेल.”

दुसऱ्या दिवशी गाडी टोइंगच्या ट्रकवर चढून घरी आली, कव्हर घातलेली, अनावरणाची वाट पाहणाऱ्या एखाद्या नेत्याच्या पुतळ्यासारखी. भावाने बॅटरीची तारही काढून ठेवली, म्हणजे मोहच नको. नवरात्र बसलं तशी त्याची भूक कमी झाली. मी डबा घेऊन गेले की तो दोन घास खाऊन विचारायचा, “बटनानं बंद होईलच न?” मला काय माहीत? मी कॉलेजात इतिहास शिकवते. इतिहासात बटणं दाबल्यावर काय झालं तेवढं मला सांगता येतं.

भाचा दसऱ्याच्या आदल्या दिवशी आला. त्याने फ्रीज उघडून पाहिला, औषधांच्या पट्ट्यांवरच्या तारखा पाहिल्या, बाल्कनीत जाऊन कव्हरखालच्या गाडीकडे पाहिलं. वडिलांशी फार नम्रपणे बोलला. त्या नम्रपणाची मला भीती वाटली.

सोसायटीत दरवर्षी सामूहिक वाहनपूजा होते. मंडप, लाउडस्पीकर, सगळ्या गाड्या रांगेत. सेक्रेटरींनी फेटा बांधला होता आणि ते ध्वनिप्रदूषणावर बोलत होते. त्यांचा आवाज पलीकडच्या दोन सोसायट्यांपर्यंत जात असावा. पूजेनंतर प्रत्येकाने गाडी सुरू करून चाकांखालची लिंबं चिरडत पुढे न्यायची, असा रिवाज. एकेक स्कूटर, एकेक मोटार निघाली. भावाचा नंबर शेवटी होता; त्याची गाडी ढकलतच रांगेत आणली होती. त्याने कव्हर काढलं, बॅटरीची तार जोडली, स्वस्तिक काढलं, माळ घातली. आत बसून मला जवळ बोलावलं आणि बटण दाखवलं. बंद होतं. मीही खात्री केली. मग त्याने गाडी सुरू केली.

तो आवाज मला पायांतून कळला, कानात नंतर आला. मंडपाच्या छतावरची कबुतरं उडाली. कोणाचं तरी बाळ रडू लागलं. उभ्या स्कूटरपैकी एकीचा अलार्म वाजायला लागला आणि सेक्रेटरी वाक्याच्या मधोमध थांबले, जे मी प्रथमच पाहत होते. भाऊ बटण दाबत होता, सोडत होता, पुन्हा दाबत होता. काही फरक नाही. त्याने मान वर करून मुलाकडे पाहिलं. मुलाच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता निर्णय होता. भावाने इंजिन बंद केलं. एवढ्या वर्षांत कोणाचा चेहरा पाहून त्याने गाडी थांबवली असेल असं मला वाटत नाही.

“मैं किसी का नाम नहीं लेना चाहता,” सेक्रेटरी माइकवर म्हणाले. सगळे आमच्याकडेच पाहत होते.

मी बाजूला होऊन वर्कशॉपला फोन लावला. “दीदी, ठंडी गाड़ी में वाल्व खुला ही रहता है,” मालक म्हणाला. “थोड़ी गरम होगी तो अपने आप बंद हो जाएगा. उस दिन स्टार्ट करने देते तो दिखा देता.” मी हे येऊन सांगितलं. बापलेकांपैकी कोणी ऐकलं असं वाटलं नाही.

“चाबी दीजिए, पापा,” भाचा म्हणाला.

भाऊ उतरला. दार धरून, हळू. ड्यूटी संपल्यावर चार्ज देतात तशी त्याने किल्ली हातावर ठेवली आणि मागे सरकला. भाचा आत बसला. गाडी पुन्हा गरजली, लिंबं चिरडली आणि गेटबाहेर गेली. सेक्रेटरींना फेटा धरून बाजूला व्हावं लागलं.

आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. आवाज मोठ्या रस्त्याला लागला. भावाने मान तिरपी केली. “दुसरा गिअर टाकला,” तो म्हणाला. मग, “आता तिसरा.” थोड्या वेळाने आवाज खाली बसला, भरदार झाला, आणि तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, “बाहेर असा येते काय?” आत बसणाऱ्याला ते कधी कळलंच नसतं.

“चांगला आहे,” मी म्हटलं.

मग तोही ऐकू येईनासा झाला. मंडपातले लोक प्रसादाकडे वळले. भाऊ गेटकडेच पाहत होता. “विकाले तर नाही नेली?”

“दसऱ्याले कोण विकत घेईल?”

“दसऱ्यालेच घेतात,” तो म्हणाला. ते खरं होतं.

बराच वेळ गेला. शेवटी गाडी आली ती इतक्या हळू आवाजात की चौकीदाराने मानही वर केली नाही. भाचा उतरला. त्याचे केस विस्कटले होते.

“अंदर बहुत गूँजता है, पापा. सिर नहीं दुखेगा?”

“दुखेल.”

“फिर?”

“दुखू दे.”

भाच्याने खिशातून फोन काढला आणि आमच्यासमोरच लावला. “हाँ भैया, वो फ्लैट का... नहीं, अभी खाली नहीं हो रहा. नहीं, अगले महीने भी नहीं. आप दूसरा देख लीजिए.”

तेवढ्यात सेक्रेटरी आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बेटा, आपसे ज़रा बात करनी थी. आपके पिताजी के विषय में.”

“मुझसे क्यों, अंकल? वो सामने खड़े हैं.”

सेक्रेटरी भावाकडे वळले. ‘आदरणीय’ने सुरू होणारं वाक्य तोंडावर म्हणायची सवय नसल्यामुळे त्यांना सुरुवात सापडेना. भावाने किल्ली मुलाच्या हातातून परत घेतली, खिशात टाकली आणि म्हणाला, “हव, बोला.”