पट्टेरी तलंगांचा बाप

पिलू अंड्यातून निघून सुकलं, की हिराकाकी ते तळहातावर घ्यायची आणि त्याच्या डोक्यावर हळूच फुंकर घालायची. काळ्या लवेत पांढरा ठिपका दिसला, तर पिलू मोठेपणी पट्टेरी होणार. कोपरखैरण्याच्या गावठाणात, तिच्या अंगणात बसून हे मी शिकले. विज्ञानाची बाई मी, शाळेत पोरांना आनुवंशिकता शिकवते, पण हे मला ठाऊक नव्हतं.

"आयचा पट्टा पोराला," ती म्हणायची. "पोरीला द्यायला तिच्याकरं पट्टाच नाय. पोरगी पट्टेरी, त बाप पट्टेरी. डोले मिटून सांग." मी वहीत मांडून दोन वर्षं पडताळलं. बाई एकदाही चुकली नाही.

माझा पट्टेरी कोंबडा राजा तिच्याकडेच असायचा. घरी खोक्यात, बल्बखाली वाढवला होता मी त्याला. आरवायला लागला आणि सोसायटीने नोटीस लावली. काकी म्हणाली, ठेव माझ्याकडे, मी काय परकी हाय? शाळा सुटली की रोज त्याला भेटायला जायचे. हसणारे हसले, हसू देत. मला घरी वाट बघणारं दुसरं कोण होतं?

एके दिवशी राजा नव्हता. मुंगसाने नेला म्हणाली. दोन पिसं माझ्या हातात ठेवली आणि स्वतःच डोळ्यांना पदर लावला. मीच तिची समजूत घातली. काय माझी अक्कल!

वर्षभराने तिच्या लेकीने बाळाच्या बारशाला महाप्याला, तिच्या सासरी बोलावलं. काकी सारखी म्हणत होती, ऊन हाय, कशाला येतेस. तरी गेले. अंगणात कोंबड्या सगळ्या काळ्याभोर, आणि त्यांच्यात सहा तलंगा, नुकत्या अंड्यावर आलेल्या. सहाच्या सहा पट्टेरी. तसा कोंबडा पंचक्रोशीत मी दुसरा पाहिला नव्हता.

"काकी, यांचा बाप कोन?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

तिने मान खाली घातली. लेकीला सासरी टोमणे बसत होते, आईने काय दिलं म्हणून. म्हणून तिकडे दिलेला राजा त्या लोकांनी गटारीला कापलाही होता. मग म्हणाली, "मागला असता त तू दिला नसतास."

दिला असता. रडत दिला असता, पण दिला असता. माझा राग कोंबड्यासाठी नाहीच, त्या पदरासाठी आहे.

पुन्हा तिच्या अंगणात गेले नाही. यंदा ती वारली, तेव्हाही नाही. पिलू दिसलं की फुंकर मात्र अजून घालते. फसवायचंच होतं काकी, तर आधी शिकवायचं नव्हतंस.