पॉलिश वाळल्यावर

आमच्या डोंगरावरच्या घरात थंडी फार, म्हणून अप्पांनीच कधीकाळी बैठकीत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा ठोकून घेतला होता. आता पार्किन्सन्समुळे त्यांची पावलं उचलेनाशी झाली आणि त्या गालिच्यातच अडकायला लागली. ते दोनदा पडले, तेव्हा व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "आधी हे काढा."

गालिच्याखाली सागवानी फळ्या निघाल्या, काळ्या पडलेल्या. सुताराने आठवडाभर घासून त्यांना पॉलिश केलं. अप्पा शेजारच्या खोलीतून, खुर्चीत बसून बघत राहायचे. "एवढं चांगलं लाकूड का झाकलं गं मी?" असं एकदा म्हणाले.

पॉलिश वाळून चार दिवस झाल्यावर मी त्यांना हाताला धरून उंबऱ्याशी उभं केलं. उन्हात लाकडाची रेघन् रेघ दिसत होती. पाऊल मात्र उचलेना. पुन्हा उभं केलं, तरी नाही. आपण वाट मोकळी करत राहतो आणि तेवढ्यात माणसाचं चालणंच संपतं, हे मला तिथे उभ्याउभ्या कळलं.

"पॉलिश ओलं असेल गं अजून," अप्पा हळूच म्हणाले. "डाग पडतील."

"हो अप्पा, ओलंच आहे," मी म्हणाले, आणि त्यांना परत खुर्चीत बसवलं.