साहेबासाठीचं औषध

बाबांनी मला आयुष्यात एकच वचन दिलं. मी सहा-सात वर्षांची असेन. आश्रमशाळेत न्यायला जीप आली होती आणि मी दाराची चौकट धरून रडत होते. बाबा खाली बसले आणि म्हणाले, "दहावी पास हो, मंग तुले सारं दाखवतो."

सारं म्हणजे काय, ते मला पक्कं ठाऊक होतं. माझे बाबा हाडं बसवतात. समुद्रपूरकडच्या जंगलाला लागून आमची गोंडांची पंधरा-वीस घरं. तिथं पार हिंगणघाटकडचे शेतकरीसुद्धा पाय मोडलेली शेळी, वासरू घेऊन येतात. बाबा जंगलातून साल आणतात, वाटून लेप करतात, वरून बांबूच्या कामट्या बांधतात. औषध आणायला निघालेल्या माणसाला वाटेत कोणी टोकायचं नाही, आणि टोकलं तरी त्यानं बोलायचं नाही. मला त्या मुक्यानं चालण्याचंच भारी अप्रूप होतं. कधीतरी आपणही असं चालू, एवढ्या आशेवर मी वसतिगृहातली वरणाची पाणचट आमटी दहा वर्षं गिळली.

दहावी झाली. बाबा म्हणाले, बारावी होऊ दे. बारावी झाली, डी.एड. झालं, बोरगाव मेघेला खोली घेऊन खाजगी शाळेत शिकवायला लागले. दर सुट्टीत विचारायची आणि दर सुट्टीत उत्तर ठरलेलं, "पुढच्या खेपेले येजो, मंग पाहू."

माझा धाकटा भाऊ त्याच आश्रमशाळेतून तिसरीत पळून आला होता. दिवसभर बाबांच्या मागे जंगलात. मला त्याची फार कीव यायची. सही करताना जीभ बाहेर काढतो म्हणून मी त्याला चिडवायची. जो शिकत नाही तो मागे राहतो, हे मला शाळेत शिकवलं होतं आणि मी ते डोळे मिटून गिळलं होतं, आमटीसारखंच.

चार वर्षांपूर्वी एका संस्थेचे लोक आमच्या शाळेत आले. त्यांना आदिवासींच्या औषधांची माहिती गोळा करायची होती, आणि गोंडी समजणारं, मराठी लिहिणारं माणूस हवं होतं. माझी गोंडी अर्धीच उरलेली. वसतिगृहात ती बोललं की ओणवं उभं करायचे. तरी मी त्यांना हौसेनं घरी घेऊन गेले.

बाबा मोहाच्या सावलीत बाजेवर बसले आणि दोन दिवस बोलत राहिले. कोणतं झाड, कोणत्या बाजूची साल, किती वाटायची, किती दिवस बांधायची. साहेब विचारत होते, बाबा सांगत होते, मी लिहीत होते. मला आतून आग लागली होती. पोटच्या पोरीला वीस वर्षं पुढच्या खेपेवर ठेवलं, आणि परक्या माणसाला चहाच्या दोन कपांवर सारं दिलं. पण मनाची समजूत घातली की उष्टं का होईना, पदरात तर पडलं. माय चुलीपाशी खाली मान घालून हसत होती. मला वाटलं, लेकीचं कौतुक वाटतंय.

पुस्तिका छापून आली. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात माझं नाव. मी तिला मुलांच्या वह्यांना घालतात तसं खाकी कव्हर घातलं आणि वर्गात प्रत्येक बाकावर फिरवून दाखवली.

मागच्या दिवाळीत घरी गेले होते. बाबा नातलगाकडे गेलेले. दुपारी आमच्याच शेळीचं करडू बंधाऱ्याच्या दगडात अडकलं आणि त्याचा पुढचा पाय मोडला. भाऊ करडू उचलून घेऊन आला. मी पिशवीतून पुस्तिका काढली, पान उघडलं, विळा घेतला आणि सालईच्या झाडाकडे निघाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी औषधाला निघाले होते. मुक्यानंच चालत होते.

भावानं मागून हाक मारली. "ताई, कुठं चालली?"

मी नियमानं बोलले नाही. तो धावत आला, माझ्या हातातली पुस्तिका पाहिली आणि त्याचा चेहरा पडला.

"ते नको आणू," तो हळूच म्हणाला. "ते तं साहेबासाठी व्हतं."

मग तो एकटाच जंगलात शिरला. परत आला तेव्हा शर्टाच्या आत काहीतरी लपवलेलं होतं. पाट्यावर वाटायला बसला तो माझ्याकडे पाठ करून. चिडून नव्हे, अगदी सवयीनं. जनावर घेऊन आलेल्या शेतकऱ्याकडे बाबा करतात तशी. ती पाठ मला अजून दिसते. मायला विचारलं तर ती म्हणाली, "आमाले वाटलं, तुले समजलं असन." म्हणजे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मी दोन दिवस बसून वळणदार अक्षरात खोटं लिहीत होते, आणि माझं घर ते पाहत होतं.

संध्याकाळी बाबा आले. मी पुस्तिका त्यांच्यासमोर टाकली. "बाबा, तुमी माह्यासमोर खोटं बोलले."

"तुह्यासमोर नाई," बाबा म्हणाले. "वहीसमोर."

"वही माहीच व्हती."

बाबांनी खिशातून बिडी काढली.

"मंग मले शाळेत काऊन पाठवलं?"

"फॉरेस्टचा कागद येते, तहसीलचा येते. घरात एक माणूस कागद वाचणारं पाह्यजे व्हतं. एक जंगलाचं, एक कागदाचं." त्यांनी बिडी पेटवली. "तू हुशार व्हती."

"अन् दहावीनंतर दाखवतो म्हणले ते?"

"तू लय रडून राह्यली व्हती," बाबा म्हणाले. "म्हणून म्हणलो."

शाळेनं माझी भाषा घेतली तेव्हा मी निदान शाळेला शिव्या दिल्या होत्या. यांना काय देणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघण्याच्या तयारीत होते. बाबांनी छपरातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. जंगलाकाठच्या आमच्या जमिनीच्या तुकड्यावरच्या दाव्याचं सरकारी पत्र होतं. माय आणि भाऊही येऊन बसले. "वाच बरं," बाबा म्हणाले.

क्षणभर माझ्या मनात आलं, खोटं वाचावं. तारीख बदलावी, गाव बदलावं. कोणाला कळणार होतं?

मी खरं वाचलं. कुठल्या तारखेला, कोणत्या कचेरीत, कोणते पुरावे घेऊन जायचं, सगळं दोनदा सांगितलं. बाबांनी मान हलवली, कागद घडी करून परत छपरात खोचला. एकदाही विचारलं नाही, खरंच असं लिहिलं आहे का म्हणून.