एकोणीस क्लॅम्प

त्या दिवशीही सूनबाई पावणेपाचला उठली. तिचा गजर पाचचा. तो वाजायच्या आत ती बंद करते, म्हणजे घरच्यांची झोपमोड होत नाही.

आठ वर्षं ती एका मोठ्या इस्पितळाच्या फोनवर बसली. डॉक्टर कधी भेटतील, रिपोर्ट कुठे मिळेल, हे दिवसातून दोनशे जणांना सांगायचं. त्यातले निम्मे दुखण्याने वैतागलेले. समोरचा आवाज चढवायला लागला की ही आपला आवाज आणखी खाली आणते. मी तेहतीस वर्षं पाइप फिटर होतो. कष्ट कशाला म्हणतात ते मला कळतं. बसून केलेल्या कामाला मी सहसा कष्ट म्हणत नाही. तिच्या कामाला म्हणतो.

इस्पितळाने फोनची खोली बंद केली. यापुढे फोन घरून, इंटरनेटवरून घ्यायचे. त्यासाठी घरची लाइन चाचणीत उतरायला हवी आणि बसायच्या खोलीला दार हवं. नाहीतर नोकरी संपली. आठ जणींची चाचणी झाली होती, त्यातल्या पाच जणींची नोकरी गेली. सूनबाईची त्या दिवशी अकराला होती.

मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो. त्याच्या कमाईत घर भागतं, त्यापलीकडे काही उरत नाही. माझ्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन सूनबाईच्या पगारावर ठरलं होतं. दोन वर्षं बायको जिना बसून उतरत होती, एकेक पायरी.

इंटरनेटचा डबा बाहेरच्या खोलीत, सूनबाईचं टेबल आतल्या खोलीत. आदल्या दिवशी मीच डब्यापासून टेबलापर्यंत तार ओढली होती. सैल काम मला चालत नाही. वीतभर अंतरावर एक, असे एकोणीस क्लॅम्प ठोकले, प्रत्येक पान्याने आवळला. कोपऱ्यांवर तार काटकोनात वळवली. काम बघण्यासारखं झालं होतं.

मी उठलो तेव्हा सूनबाई टेबलाशी पांढरीफटक होऊन बसली होती.

"काय झालं?"

"तुकडे हरवतायत, बाबा."

तिने समजावून सांगितलं. बोलणं तारेतून बारीक तुकडे होऊन जातं. शंभरात एकापेक्षा जास्त हरवला की नापास. आमचे चार हरवत होते.

"पण स्पीड भरपूर आहे म्हणालीस ना काल?"

"सिनेमा बघायला भरपूर आहे. फोनला ते पुरत नाही. हे ऐका."

कंपनीच्या पानावर बटण दाबलं की खोटा कॉल लागतो आणि आपलंच बोलणं परत ऐकू येतं. तिचं "नमस्कार, मी आपली काय मदत करू" मधेमधे गिळल्यासारखं आलं.

तिने लॅपटॉप बाहेर नेला आणि आखूड तारेने सरळ डब्याला जोडला. एकही तुकडा हरवला नाही. पुन्हा आत आणला. चार. मग तिने माझ्याकडे न बघता म्हटलं, "तार खराब निघाली असेल."

मी तारेवरून बोट फिरवलं. प्रत्येक क्लॅम्पखाली तार चपटी झाली होती. पाण्याच्या पाइपासारखी मी ती आवळली होती.

"तार चांगली होती," मी म्हणालो. "मी मारली."

बायको दाराला धरून उभी होती. "अहो, तारेचासुद्धा गळा दाबलात?"

कोणी हसलं नाही.

दुकान साडेनऊला उघडतं. नवी तार घ्यायला मी सव्वानऊलाच शटरसमोर उभा होतो. दुकानदार पावणेदहाला आला. ती वरची पंधरा मिनिटं मला विसरता येत नाहीत. धावत जिना चढलो, छातीत भाता चालला होता. हातोडी उचलली तर सूनबाईने ती माझ्या हातातून काढून घेतली.

"बाबा, आता खिळा नको. नुसती पडू द्या."

तार जमिनीवर, भिंतीकडेने सैल टाकली. असलं काम मी जन्मात केलं नव्हतं. दहा वाजून दहा मिनिटांनी तिने बटण दाबलं. शून्य. लगेच पुन्हा दाबलं. शून्य. तिसऱ्यांदा एक हरवला. मग पुन्हा शून्य. त्या एकाने आमचं उरलंसुरलं धैर्य नेलं.

आम्ही आपापले फोन बंद केले, टीव्हीची पिन काढली. अकराला तिने दार लावलं. वीस मिनिटं परीक्षक बाई प्रश्न विचारत होत्या. बाहेर आम्ही दोघं तारेपासून हातभर लांब बसलो होतो, पाय लागू नये म्हणून. दाराच्या फटीतून मला टेबलाखालचे तिचे पाय दिसत होते. दोन्ही पायांनी तिने खुर्चीचा पाय आवळून धरला होता. आवाज मात्र संथ होता, रोजच्यासारखा. असं काम मला जमलं नसतं.

बाहेर आली ती सरळ मोरीत गेली. पोटात काही नव्हतं, तरी उलटी झाली.

"झालं का?" बायकोने विचारलं.

"दुपारी कळवतील."

दुपारी एकाला मेसेज आला. तिने तो दोनदा वाचला, मग माझ्यापुढे धरला. मला चष्म्याशिवाय दिसत नाही हे ती विसरली होती.

"काय लिहिलंय ते सांग ना पोरी!"

"सोमवारपासून बसायचंय."

त्याला चौदा महिने झाले, ती अजून त्या बंद दारामागे बसते. त्या पगारातून माझ्या बायकोचा उजवा गुडघा झाला. डाव्यासाठी पैसे साठवणं चालू आहे.