पट्ट्याला लावलेलं मुशीचं तेल

मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, काळजाच्या तेलाचा वास ज्याने घेतला नाही, त्याला तो सांगून कळणार नाही. माझ्या माहेरी, उरणजवळ करंजाला, लाकूड किडू नये म्हणून ते होडीच्या फळ्यांना लावतात. मी त्याच वासात वाढले. पण लग्न होऊन पनवेलजवळ विचुंब्याच्या नव्या इमारतीत आले आणि माझं नाकच बदललं. आता नुसत्या आठवणीनेही शिसारी येते.

आई गेली त्या वर्षी बाबांना मी हट्टाने माझ्याकडे आणलं. त्या घरात ते एकटे राहणार, हे मला सोसवत नव्हतं. त्यांचा मात्र रोज सकाळी चहाबरोबर एकच धोशा, "मला करंजाला सोड गो." शेवटी मी हरले. रविवारी सोडते म्हटलं.

तेव्हा आमची जुनी गाडी सुरू केली की बॉनेटखालून किंचाळायची. इंजिनचा पट्टा वाजतो, असं वॉचमनने बाबांना सांगितलं. झालं! जाण्याआधी लेकीचं तेवढं काम करावं म्हणून करंजाहून सोबत आणलेली तेलाची बाटली काढून त्यांनी पट्ट्याला तेल चोपडलं, अगदी होडीला चोपडतात तसं. मला पत्ताच नाही. रविवारी निघालो, पनवेल मागे पडलं आणि बॅटरीचा लाल दिवा लागला. कशीबशी गाडी रस्त्यावरच्या गॅरेजात घातली. मेकॅनिकने बॉनेट उघडलं आणि तो मागेच सरकला.

"काय मेलंय आत?"

"मेलं नाय काय," बाबा अभिमानाने म्हणाले. "मुशीचं तेल हाय. पट्टा बोंबलत व्हता, गप केला."

तापलेल्या इंजिनवर ते तेल अक्षरशः शिजत होतं. मी भिंतीआड जाऊन ओकले. परत येऊन बाबांवर तोंड सोडलं, "गाडी आहे ती, होडी नाही! काय घाण करून ठेवलीत!"

आवाज मुळात अल्टरनेटरच्या बेअरिंगचा होता, आणि तेलाने पट्टा घसरायला लागल्यावर बॅटरी चार्ज होईना. अल्टरनेटर आणि पट्टा, दोन्ही बदलावे लागले. मेलेली पाल उचलावी तसा मेकॅनिकने तो बुळबुळीत पट्टा दोन बोटांत धरून बाहेर फेकला. पुल्या पेट्रोलने पुसल्या, नवा अल्टरनेटर बसवला, टॉमीच्या लोखंडी दांड्याने ताणून नवा पट्टा चढवला. गाडी मुकाट सुरू झाली, दिवाही विझला. पण तेल आत सगळीकडे उडालं होतं. ते कोण पुसणार?

एसी लावताच तो सगळा वास आमच्या अंगावर आला. मी घाईने काच खाली केली. बाबांनी मात्र डोळे मिटून छातीभर श्वास घेतला.

"आता कसं घरात बसल्यासारखं वाटतं," ते म्हणाले. माझ्याकडे आल्यापासून असं पहिल्यांदाच.

उरण फाटा आला. मी हळूच विचारलं, "मग फिरवू गाडी?"

"फिरव."

मी काच वर केली आणि तोंडाने श्वास घेत गाडी विचुंब्याकडे वळवली.